‘सर्व्हर वीक आहे’ म्हटलं की लगेच पैसे काढू नका

बिलिंग सॉफ्टवेअरच्या व्हिडिओत एक मुद्दा वेळेअभावी राहिला, तो इथे लिहितो.

गोंदियात माझं भांड्यांचं दुकान आहे. बिलिंग ऑनलाइन, ब्राउझरमध्ये चालणारं, एका मुलाकडून बनवून घेतलेलं. ते कधी चालायचं, कधी ‘डेटाबेस एरर’ दाखवायचं. मुलगा आला की मात्र सगळं सुरळीत! तो म्हणाला, “दादा, सर्व्हर वीक आहे, मोठा प्लॅन घ्या.” घेतला, वर्षभराचे पैसे भरून. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच एरर.

ताटामागे दोन रुपयांसाठी होलसेलवाल्याशी घासाघीस करणारे आपण, इथे एक प्रश्न न विचारता पैसे देऊन मोकळे होतो. माझं स्पष्ट मत आहे, ‘कधी कधी होतं’ हे उत्तर स्वीकारायचंच नाही. कधी, ते विचारायचं.

मी काउंटरवर एक साधी वही ठेवली. तारीख, वेळ, कोण बसलं होतं, काय करत होतं आणि स्क्रीनवर नेमके शब्द कोणते आले. शक्य तिथे मोबाइलने फोटो. बारा दिवसांत चित्र स्पष्ट झालं, आणि दुखणं एक नव्हतं, तीन होती.

पहिलं, एरर बहुतेक वेळा दिवसाच्या पहिल्याच बिलाला. पुन्हा केलं की बिल व्हायचं. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं सॉफ्टवेअर मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालतं. त्याची मूळ सेटिंग अशी की एखादं कनेक्शन २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास नुसतं पडून राहिलं तर तो ते तोडतो. आम्ही रात्री नऊला शटर पाडतो, सकाळी दहाला उघडतो. तेरा तास झाले! सॉफ्टवेअर मात्र जुनंच कनेक्शन धरून बसलेलं. समोरच्याने फोन ठेवलाय आणि आपण बोलतोच आहोत, तसं. वापरण्याआधी कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणं, एवढाच इलाज. मोठ्या प्लॅनचा काही संबंध नव्हता.

दुसरं मजेशीर आहे. काही गिऱ्हाइकांचा पत्ता सेव्हच होत नव्हता. वहीत पाहिलं तर ते सगळे व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेले, शेवटी हात जोडलेला इमोजी! मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’ मध्ये एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात. मराठी अक्षर त्यात बसतं, हात जोडलेल्या इमोजीला ४ लागतात. टेबल ‘यूटीएफ८एमबी४’ वर नेलं, विषय संपला.

तिसऱ्यात चूक माझी होती. संध्याकाळी गर्दीच्या वेळी मी घरून महिन्याचा विक्री रिपोर्ट काढायचो. तारखेच्या रकान्यावर इंडेक्स नव्हता, त्यामुळे डेटाबेस दर वेळी अख्खं टेबल चाळायचा आणि काउंटरवर बिल अडकायचं. अडकलं की पोरगा बटण पुन्हा दाबायचा. आता इंडेक्स आहे, रिपोर्ट दुकान बंद झाल्यावर काढतो, आणि एकदा दाबलं की बटण बंद होतं.

सर्व्हर कधीच कमी पडत नाही असं मी म्हणत नाही. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीणचे फॉर्म आठवा. नारीशक्ती दूत ॲप दिवसा अडकायचं, म्हणून लोक रात्री जागून फॉर्म भरत होते. ती गर्दीची खूण आहे. तुमच्या वहीतही एरर फक्त गर्दीच्या वेळेलाच दिसली, आणि त्या वेळी माझ्यासारखा कुणी रिपोर्ट काढत नसेल, तर डेव्हलपरला आधी विचारा, काम झालं की सॉफ्टवेअर कनेक्शन परत सोडतं का? सोडत नसेल तर थोड्या गर्दीतही कनेक्शनची मर्यादा भरते. सोडत असेल, तर मोठ्या प्लॅनला खुशाल पैसे द्या.

वही मी उशिरा सुरू केली, ही खंत आहे. त्याआधीच लग्नसराईत आमगावकडच्या एका काकांचं आंदणाच्या भांड्यांचं २३ हजारांचं बिल असंच दोनदा लागलं होतं. उधारीच्या खात्यात ४६ हजार दिसले आणि मीही सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवून त्यांच्याशी वाद घातला. नंतर चूक सापडली, फोन करून माफी मागितली. ते “ठीक आहे जी” म्हणाले. धाकट्या मुलीच्या लग्नाची भांडी मात्र त्यांनी दुसरीकडून घेतली.