साठ हजारांचा हिरा, कुणाच्या नावाचा?

हिरा कसा निवडावा हा आपल्या अंकाचा विषय कसा, असं काही मैत्रिणींना वाटेल. दागिन्यांबद्दल चळवळीत जे बोललं गेलं ते बहुतेक 'नको' या बाजूचं. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या यांच्यामागचं राजकारण आपण शिबिरांमधून उलगडून दाखवलं आणि ते करायलाच हवं होतं. पण 'नको' म्हणून आपण थांबलो आणि पुढचं सगळं बोलणं सराफाच्या दुकानात, लग्नाच्या बैठकीत आणि जाहिरातीत होत राहिलं. पैसे मात्र बायका साठवतच राहिल्या.

पापडी आणि आसपासच्या गावांत ज्या बायकांबरोबर मी काम करते त्यांत पहाटेच्या गाडीने मुंबईला भाजी नेणाऱ्या आहेत, इस्पितळात पाळ्या करणाऱ्या नर्सेस आहेत, अंधेरीला सीप्झमध्ये दागिन्यांच्या कारखान्यात बसणाऱ्या मुलीही आहेत. या शेवटच्या मुली दिवसभर परदेशात जाणारे हिरे कोंदणात बसवतात. हल्ली गटाच्या बैठकीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "ताई, ६० हजार जमलेत. सोनं काही हाती लागत नाही. हिऱ्याची अंगठी घेऊ का?"

प्रश्न साधा नाही. सोन्याचे भाव इतके चढलेत की ६० हजारांत आईच्या वेळची एक बांगडीसुद्धा होत नाही. मग दुकानदार १८ किंवा १४ कॅरेट सोन्यातली, बारीक हिऱ्यांची, दिसायला भरगच्च आणि वजनाला हलकी वस्तू पुढे करतो. बाईला वाटतं, सोनं नाही तर हिरा, शेवटी ठेव ती ठेवच. इथेच फसगत होते. सोनं ही ठेव आहे. हिरा हा खर्च आहे. हौसेचा असेल, आनंदाचा असेल, पण खर्च.

हिशोब करून पाहू. समजा अंगठी ६० हजारांची आहे आणि तिच्यात १८ कॅरेटचं ३ ग्रॅम सोनं आहे. १८ कॅरेट म्हणजे शंभरात ७५ भाग शुद्ध सोनं. म्हणजे शुद्ध सोनं भरलं सव्वादोन ग्रॅम. उद्या नवऱ्याचं काम सुटलं, मूल आजारी पडलं आणि ही बाई बँकेत किंवा पतपेढीत तारण ठेवायला गेली, तर खड्यांचं वजन वजा करून फक्त सोन्यावर कर्ज मिळतं. हिरे, घडणावळ आणि जीएसटी यांत गेलेल्या पैशाला तिथे कुणी विचारत नाही. विकायला गेली तर ज्या दुकानातून घेतली तिथेच, त्यांच्याच अटींवर, बिल असेल तर काही मिळेल. दुसरा सराफ बारीक हिऱ्यांना जवळजवळ किंमतच देत नाही. घर सोडून आलेल्या किती बायकांच्या हाती एक पिशवी आणि अंगावरचं सोनं एवढंच असतं, हे आपल्या केंद्रांत बसणाऱ्या कुणालाही सांगायला नको. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अडीनडीची पुंजी अगोदर सोन्यात किंवा स्वतःच्या खात्यात ठेवावी. त्यातून उरेल तो हिरा.

आणि हिरा घेऊच नये असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या कमाईतून बाईने काही केवळ आवडतं म्हणून घ्यावं, यात आपण नाक मुरडण्यासारखं काय आहे? फक्त ती आवड आपली आहे की कुणी आपल्यात पेरलेली, एवढं तपासावं. साखरपुड्याला हिराच हवा, ही रीत आपल्या आजीच्या काळची नव्हे. डी बीअर्स या कंपनीसाठी 'हिरा कायमचा असतो' अशा अर्थाचं इंग्रजी घोषवाक्य १९४७ साली अमेरिकेतल्या एका जाहिरात संस्थेत फ्रान्सिस गेरेटी या बाईने लिहिलं. ती स्वतः आयुष्यभर अविवाहित राहिली. पुढे १९८०च्या दशकात त्याच कंपनीच्या जाहिराती तिथल्या पुरुषांना सांगू लागल्या की अंगठीवर दोन महिन्यांचा पगार खर्च करावा. आपल्याकडे हा खर्च कुणाच्या माथी येतो ते आपण पाहतोच. मुलीच्या बापाच्या.

आता निवडीकडे येते. दुकानात चार गोष्टी सांगतात: वजन, रंग, स्वच्छता आणि पैलू. थोड्या पैशात चौघींना सारखा मान देता येत नाही. पैलू सर्वांत महत्त्वाचे, कारण हिऱ्याचं तेज त्यांतून येतं. मापं नेमकी असली तर वरून शिरलेला प्रकाश आत फिरून पुन्हा वरूनच बाहेर पडतो. खडा फार खोल किंवा फार उथळ कापला तर प्रकाश तळातून, बाजूने निसटतो आणि मोठा हिरासुद्धा मंद दिसतो. वजनाचा हव्यास सोडावा. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचे १०० सेंट. अर्धा कॅरेट, एक कॅरेट अशा टप्प्यांवर भाव उडी मारतो. ४५ सेंट आणि ५० सेंट यांतला फरक बोटावर कुणाला दिसत नाही, बिलावर मात्र दिसतो. रंगाची प्रत इंग्रजी 'डी' या अक्षरापासून सुरू होते आणि पुढे पिवळसरपणा वाढत जातो. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर 'आय', 'जे' प्रतीचा खडाही पांढराच भासतो. आतले डाग नुसत्या डोळ्यांना दिसत नसतील तर भिंगाखालच्या निर्मळपणासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

एक चलाखी मात्र ओळखून असावं. अंगठीला 'अर्धा कॅरेट'ची चिठ्ठी असते, पण ते बारा-पंधरा बारीक खड्यांचं मिळून वजन असतं. अर्ध्या कॅरेटच्या एका सलग खड्याची किंमत त्याहून कितीतरी जास्त असते, तेव्हा दोन्हींची तुलना होऊच शकत नाही. खडे किती आणि प्रत्येक किती सेंटचा, हे लिहून घ्यावं. दुसरं म्हणजे हॉलमार्क. १६ जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने तो सक्तीचा झाला आणि त्याचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक बीआयएसच्या ॲपवर ताडून पाहता येतो. पण हॉलमार्क सोन्याबद्दल बोलतो, हिऱ्याबद्दल नाही. २ ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना तो सक्तीचाही नाही. हिऱ्यासाठी जीआयए किंवा आयजीआयसारख्या प्रयोगशाळेचा वेगळा दाखला मागावा. त्याचा क्रमांक पुष्कळदा खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो. भिंग मागून तो वाचावा. भिंग मागितलं म्हणून कुणी हसलं तर हसू द्यावं.

प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांबद्दल सध्या फार गोंधळ आहे. हा हिरा खोटा नव्हे. अमेरिकन डायमंड वेगळा, मॉइसनाइट वेगळा. प्रयोगशाळेतला हिरा कार्बनचाच, तेवढाच कठीण, आणि खाणीतल्यापासून तो यंत्राशिवाय ओळखता येत नाही. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी जिल बायडन यांना ७.५ कॅरेटचा असाच हिरा भेट दिला होता. तो खूप स्वस्त असतो, आणि स्वस्त होतच आला आहे. डी बीअर्सने २०१८ साली 'लाइटबॉक्स' या नावाने असे हिरे ८०० डॉलर कॅरेट या भावाने विकायला काढले. भाव एवढे कोसळले की मे २०२५ मध्ये त्यांनी तो धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून पुंजी म्हणून तो घेऊ नये, पण ज्या बाईला फक्त कानात चमक हवी आहे तिने निःशंकपणे घ्यावा. अडचण वेगळीच आहे. लग्नानंतर "खरा आहे की लॅबचा?" असं विचारून सुनेला आणि तिच्या माहेरच्यांना खाली पाहायला लावल्याचं आता कानावर येऊ लागलं आहे. पूर्वी तोळे मोजत, आता दाखला मागतात. यावर लपवाछपवी हा उपाय नव्हे. बिलावर 'लॅब ग्रोन' असं स्पष्ट लिहून घ्यावं आणि सासरी तसंच सांगावं. जे कुटुंब खड्याचा उगम विचारून माणसाची किंमत ठरवतं, त्याची ओळख लग्नाआधी झालेली बरी.

पैसे एकदम नसतात म्हणून दुकानाच्या मासिक हप्त्यांच्या योजनेत नाव घालणाऱ्याही पुष्कळ आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली, ठाणे, वसई अशी ठिकठिकाणची दुकानं एकाएकी बंद झाली आणि हप्ते भरणाऱ्या ग्राहकांनी पोलिसांत धाव घेतली, ते या भागातल्या बायका विसरलेल्या नाहीत. सराफाकडचे हप्ते म्हणजे बँकेतली ठेव नव्हे, तिला विम्याचं संरक्षण नाही. त्यापेक्षा बचत गटात किंवा पोस्टात पैसे जमवावेत आणि रोख देऊन, चार दुकानं फिरून, पक्क्या बिलावर वस्तू घ्यावी.

आणि बिल बाईच्या स्वतःच्या नावाचं असावं. बाप, भाऊ, होणारा नवरा, कुणीही पैसे दिलेले असोत. लग्नात मिळालेल्या भेटींची यादी ठेवण्याचे नियम १९८५ पासून आहेत, हुंडाबंदी कायद्याखाली आहेत आणि सर्व धर्मांना लागू आहेत. वधूच्या भेटींची यादी वधूने स्वतःजवळ ठेवायची असते. पापडीच्या चर्चमधलं लग्न असो की शेजारच्या आळीतल्या मांडवातलं, ही यादी केलेली मी क्वचितच पाहते. जेवणावळीची यादी मात्र चार-चार प्रतींत असते. स्त्रीधनावर नवऱ्याचा हक्क नाही, अडचणीत त्याने ते वापरलं तरी परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये केरळातल्या एका बाईच्या प्रकरणात पुन्हा सांगितलं आणि तिच्या ८९ पवन सोन्यापोटी २५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पण तिथवर पोचायला आपली वस्तू कोणती, हे आधी सांगता यावं लागतं. हिऱ्याच्या बाबतीत ते दाखला आणि बिल यांवाचून जवळजवळ अशक्य, कारण बदललेला खडा साध्या डोळ्यांना कळत नाही. दोन्हींच्या झेरॉक्स प्रती माहेरी किंवा एखाद्या मैत्रिणीकडे ठेवाव्यात. मोबाइलवर फोटोही काढून ठेवावा.

दुकानाने एक सांगून दुसरं दिलं असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करून सुरुवात करता येते. अर्ज लिहायला आपल्या गटातली कुणीही दहावी झालेली मुलगी बसू शकते.