खतांची मात्रा आणि उपग्रहाची नजर

‘इस्रो’ आणि ‘नासा’ यांचा ‘निसार’ उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून अवकाशात झेपावला. जमिनीतील ओलावा टिपणे हे त्याचे एक काम. मात्र रत्नागिरीच्या जांभ्या मातीत हे मोजमाप कितपत अचूक ठरेल, हे काही अंशी तेथे पडणाऱ्या रासायनिक खतांवरही अवलंबून राहील.

रडारच्या सूक्ष्मलहरी ओलावा ओळखतात त्या मातीच्या विद्युत गुणधर्मांवरून. कोरड्या मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक साधारण ३ ते ५, तर पाण्याचा ८० च्या आसपास असतो. म्युरेट ऑफ पोटॅशसारखे खत ओल्या मातीत विरघळले की विद्युतभारित कण सुटतात, मातीची विद्युतवाहकता वाढते आणि लहरींची ऊर्जा अधिक शोषली जाते. युरियाचा असा परिणाम त्याचे अमोनियममध्ये रूपांतर झाल्यावरच जाणवतो. ‘निसार’च्या दोन लहरींपैकी कमी वारंवारितेच्या एल-बँडवर हा परिणाम अधिक होतो.

कोकणातील मुसळधार पाऊस यातील बरेच क्षार वाहून नेतो. त्यामुळे देशावरील काळ्या मातीवर बेतलेली गणिते येथे जशीच्या तशी लावणे धोक्याचे आहे. पीकविम्याचे दावे उद्या उपग्रहाच्या आकड्यांवर ठरू लागल्यास चुकीची किंमत बागायतदारालाच मोजावी लागेल. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत विद्युतवाहकतेची नोंद असतेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ती उपग्रहाच्या मोजमापाशी ताडून पाहणे, हाच यावरील शहाणपणाचा मार्ग ठरेल.