फूटपट्टी, थर्मामीटर आणि वल्हे

चारठाण्यात पहाटे रस्त्यावर पळणारी मुले दिसतात. परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात दिसतात तशीच. अंगात जुना टी-शर्ट, एकाच्या हातात मोबाइलचे स्टॉपवॉच, आणि डोक्यात एकच आकडा, १६०० मीटर. पोलीस भरती असो वा लष्कराची, हे अंतर ठरलेल्या वेळेत पळाले तर पुढचे दार उघडते. या मुलांत एखादा सहा फूट दोन इंचाचा असतो. हात गुडघ्यापर्यंत येतात म्हणून मित्र त्याला चिडवतात. तो गोलंदाजी करतो, फार तर व्हॉलीबॉल खेळतो. ज्या खेळाला नेमके असेच शरीर लागते, त्या खेळाचे नाव गावात कुणी घेत नाही. तो खेळ म्हणजे रोइंग, आपल्या भाषेत नौकानयन.

चारठाणा ओळखले जाते ते जुन्या मंदिरांसाठी, कोरीव मानस्तंभासाठी आणि बारवेसाठी. इथे पाणी म्हणजे पायऱ्या उतरून खाली शोधायची गोष्ट. पण याच जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी त्याचा जलाशय नजर पोहोचत नाही इतका पसरतो. त्यावर नावा फिरतात त्या मासेमारीच्या. दुष्काळी मुलखात नौकानयनाची भाषा करणे म्हणजे वाळवंटात जहाज बांधणे, असे कुणाला वाटले तर त्याने दत्तू बबन भोकनळची गोष्ट आठवावी.

दत्तू नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. तोही पाण्यासाठी तरसणारा मुलूख. वडील विहिरी खोदण्याची, दगड फोडण्याची कामे करत. मुलगाही त्यांच्याबरोबर राबला. २०१२ मध्ये तो लष्करात भरती झाला आणि त्यानंतर पुण्यात त्याच्या हाती वल्हे आले. २०१६ मध्ये तो रिओ ऑलिंपिकला गेला. त्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनात भारताचा तो एकटाच प्रतिनिधी होता आणि एकेरी स्कल्समध्ये तो तेरावा आला. वल्हे पहिल्यांदा धरल्यापासून चार वर्षांत ऑलिंपिक! क्रिकेट, टेनिस किंवा जिम्नॅस्टिक्समध्ये विसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला हे स्वप्नातही जमणार नाही. नौकानयनात मात्र जमते, आणि त्याचे कारण शरीरशास्त्रात आहे.

या खेळात कौशल्य लागते, पण त्याआधी शरीर लागते. दोन हजार मीटरची शर्यत साधारण सात मिनिटे चालते. पाहणाऱ्याला वाटते, सगळे काम हातांचे. प्रत्यक्षात खेळाडू सरकत्या बैठकीवर बसलेला असतो आणि प्रत्येक वल्ह्याला मुख्य जोर पायांचा असतो. तो पाठीतून वर चढतो आणि हात फक्त शेवटचा ओढा देतात. एका शर्यतीत असे दोनशेहून अधिक ओढे. लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग, सुमारे तीन चतुर्थांश, प्राणवायूच्या जोरावर मिळतो. म्हणून छाती मोठी हवी, हृदय दांडगे हवे आणि रक्तात हिमोग्लोबिन भरपूर हवे. हात-पाय लांब असतील तर वल्हे पाण्यातून जास्त अंतर ओढता येते. जागतिक दर्जाचे पुरुष खेळाडू बहुधा एक मीटर नव्वद सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच असतात. हाडांची लांबी सरावाने वाढत नाही. वल्हे मारण्याचे तंत्र मात्र विसाव्या वर्षीही शिकता येते.

ब्रिटनने हे ओळखले. २००७ मध्ये, लंडन ऑलिंपिकला पाच वर्षे असताना, त्यांनी देशभरातल्या उंच तरुण-तरुणींना सरळ आवाहन केले की या, मोजून घ्या. पूर्वी कोणता खेळ खेळलात, याला महत्त्व नव्हते. त्या गर्दीत हेलन ग्लोवर नावाची मुलगी होती. उंचीच्या अटीत ती किंचित कमी पडत होती. मोजताना टाचा उचलल्या, असे तिनेच नंतर हसत सांगितले आहे. २००८ मध्ये तिने वल्हे धरले आणि २०१२ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. फूटपट्टीचा उपयोग यातून कळतो आणि तिची मर्यादाही. फूटपट्टी चाळणी म्हणून वापरावी, निकाल म्हणून नव्हे.

आपल्याकडे ही चाळणी लष्कर लावते, आणि तीही भरती झाल्यानंतर. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत नौकानयनातले भारताचे पहिले सुवर्ण जिंकणारा बजरंगलाल ताखर लष्करातला. टोकियोत अकरावे आलेले अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग लष्करातले. पॅरिसला गेलेला बलराज पन्वरही लष्करातलाच. याबद्दल लष्कराचे आभारच मानायला हवेत. त्यांनी केले नसते तर कुणीच केले नसते. पण याचा दुसरा अर्थ असा की जो मुलगा भरतीत १६०० मीटरला काही सेकंदांनी मागे पडला, तो या खेळालाही कायमचा मुकला. मग त्याचे हात कितीही लांब असोत. मुलींसाठी तर हा रस्ता आणखी अरुंद. पुण्यात मुळा नदीवर अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून आहे, त्याची रेगाटा प्रसिद्ध आहे. पण तिथे पोहोचायला आधी प्रवेश परीक्षेत गुण लागतात. लांब हातांचे गुण तिथे कुणी धरत नाही.

इथे आरोग्य खात्याचा संबंध येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून गावोगावच्या शाळांत जातात. दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता आणि एक गाडी. वर्षातून एकदा प्रत्येक सरकारी शाळेतल्या मुलांची तपासणी होते, उंची आणि वजन नोंदले जाते. कुपोषण, जन्मजात व्यंग, हृदयाचा दोष, दृष्टिदोष शोधण्यासाठी ही योजना आहे आणि ते काम सगळ्यात महत्त्वाचे आहेच. पण त्याच नोंदवहीत वर्गाच्या मानाने फार उंच असलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुला-मुलींचीही नोंद असते. आजारी मुलाचे नाव पुढे जिल्हा रुग्णालयात जाते. उंच मुलाचे नाव कुठेच जात नाही. ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे जावे, पालकांच्या संमतीने, एवढी सोय करायला नवा विभाग लागत नाही.

लगेच त्या मुलांना नौकेत बसवू नये. वाढत्या वयात मणक्यावर भार टाकणे धोक्याचे. कंबरदुखी हे या खेळातले सर्वांत नेहमीचे दुखणे आहे, आणि सततच्या ओढ्याने बरगडीला तडा जाणे हे त्याचे खास दुखणे. आधी पोहणे यावे, मग जमिनीवरचे वल्हवण्याचे यंत्र, म्हणजे एर्गोमीटर. एकेरी शर्यती नौकेला काही लाख रुपये लागतात. एर्गोमीटर त्यापेक्षा बराच स्वस्त, आणि तालुक्याच्या क्रीडा संकुलात धरण कोरडे असतानाही चालतो. येलदरी काही वर्षी तळ गाठते, हे विसरून आराखडे करण्यात अर्थ नाही.

आणि हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. ज्या खेळाचे इंधनच प्राणवायू, त्यात लोह कमी असलेली उंच मुलगी पाचशे मीटरलाच दमणार आणि प्रशिक्षक म्हणणार, हिच्यात दम नाही. दम असतो, रक्तात लोह नसते. लोहाच्या गोळ्या आणि जंतनाशक शाळेत मिळतातच. त्या खाल्ल्या जातात की नाही, हे पाहणे हासुद्धा क्रीडा विकासच आहे.

शरीर निवडताना मोजायचे, तसेच शर्यतीच्या दिवशीही मोजायचे असते. इथे राष्ट्रीय पातळीवरचा कारभार सर्वांत कच्चा दिसतो.

ऑगस्ट २०१८, इंडोनेशियातले पालेमबांग, आशियाई स्पर्धा. एकेरी स्कल्सच्या अंतिम शर्यतीत दत्तू शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी सवर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह तो चौघांच्या स्कल्समध्ये उतरला आणि भारताने सुवर्ण जिंकले. देशभर कौतुक झाले. दत्तूला १०६ अंश ताप होता, तरी तो खेळला, असे संघाकडून पत्रकारांना सांगण्यात आले. त्याच दिवशी वजनाच्या हलक्या गटात कांस्य मिळवणाऱ्या दुष्यंतला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. सर्दी होती, आणि पोटात पावाचे दोन तुकडे आणि एक सफरचंद एवढेच होते, असे त्याने सांगितले.

या बातम्या शौर्यकथा म्हणून छापल्या गेल्या. डॉक्टरला त्या वाचताना अंगावर काटा येतो, पण वेगळ्या कारणाने.

१०६ फॅरनहाइट म्हणजे ४१ सेल्सियसच्या वर. नेमका आकडा तेवढा होता की थोडा कमी, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. १०२ असता तरी उत्तर तेच होते. तापात दर एक अंश सेल्सियसमागे हृदयाचे ठोके साधारण दहाने वाढतात. त्यावर शर्यत. वल्हवताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा पाचवा हिस्सा नाव पुढे नेतो, उरलेली उष्णता होऊन शरीरातच साठते आणि घामावाटे बाहेर पडू पाहते. पालेमबांगसारख्या दमट हवेत घाम वाळत नाही. आधीच तापलेल्या शरीरात ही उष्णता अडकली की उष्माघात, मूत्रपिंडावर ताण, स्नायूंचा नाश, ही साखळी सुरू होऊ शकते. त्याहून धूर्त धोका म्हणजे मायोकार्डायटिस. काही विषाणूंचा ताप हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतो. खेळाडूला फक्त अंगदुखी जाणवते. त्या हृदयावर पूर्ण जोर लावला तर ठोक्यांची लय बिघडून क्षणात मृत्यू येऊ शकतो. अशी सूज निघाल्यास खेळाडूला तीन ते सहा महिने सरावापासून दूर ठेवतात. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, सूज उतरत नाही. म्हणून क्रीडावैद्यकात साधा नियम आहे: नुसते नाक वाहत असेल तर हलका सराव चालेल, ताप असेल तर नौका किनाऱ्यावर.

यावर कुणी विचारेल, डॉक्टरने त्या दिवशी अडवले असते तर सुवर्ण गेले असते ना? कदाचित गेले असते. हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. चौघांच्या नौकेत एक बदलला की महिनोन्‌महिने बसवलेला ताल मोडतो. पण ज्या निर्णयात एका बाजूला पदक आणि दुसऱ्या बाजूला सत्तावीस वर्षांच्या जवानाचे हृदय आहे, तो निर्णय पदकाची वाट पाहणाऱ्यांनी घ्यायचा नसतो. खेळाडूनेही घ्यायचा नसतो. तो नेहमी ‘खेळतो’ असेच म्हणणार. त्यासाठीच तो घडलेला असतो.

पुढे जे झाले ते अधिक विचार करायला लावणारे आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय महासंघाने दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. ठपका होता, पालेमबांगच्या एकेरी शर्यतीत त्याने मध्येच वल्हवणे सोडले. २०२० च्या सुरुवातीला ही बंदी उठवण्यात आली आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणजे एकाच आठवड्यातल्या एकाच शरीराने एका दिवशी बेशिस्त केली आणि दुसऱ्या दिवशी पराक्रम केला. शिस्तीचा निवाडा करण्याचा अधिकार महासंघाला आहे. पण तापाचा उल्लेख असलेल्या कुठल्याही प्रकरणात पहिला कागद वैद्यकीय असायला हवा: शर्यतीपूर्वीचे तापमान, नाडी, ईसीजी, आणि खाली एका स्वतंत्र डॉक्टरची सही. तो डॉक्टर महासंघाच्या पगारावरचा नको, त्याला ‘नाही’ म्हणायचा अधिकार हवा आणि ते ‘नाही’ अंतिम हवे. बॉक्सिंगमध्ये रिंगजवळच्या डॉक्टरला लढत थांबवता येते. त्याने बॉक्सिंग बुडालेले नाही.

आता वेळही तशी आहे. वजनाचा हलका गट, ज्यात पुरुषांना ७२.५ किलोची मर्यादा असे, पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून गेला. बुटक्या, हलक्या अंगाच्या देशांना तो आधार होता. त्याचबरोबर वजनासाठी उपाशी राहण्याची सक्तीही होती, ती गेली हे बरे झाले. पण आता उंच खेळाडू शोधण्यावाचून गत्यंतर नाही. लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये समुद्रावरची ‘बीच स्प्रिंट’ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये येते आहे. किनाऱ्यावरून धावत यायचे, नौकेत उडी मारायची, लाटांतून बोयाला वळसा घालून परत. कोकणातल्या पोरांना ती शिकवायला कृत्रिम तलाव बांधावा लागणार नाही.

आणि चारठाण्याला काय लागेल? तपासणी पथकाची गाडी तर शाळेत येतेच. उंचीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा, पसरलेल्या दोन्ही हातांच्या लांबीचा. मुलाला भिंतीशी उभे करायचे, हात ताणायला सांगायचे आणि दोन्हीकडे मधल्या बोटाच्या टोकाशी खडूने खूण करायची. एका मुलामागे अर्धा मिनिट लागतो.