उचल आणि गाणं



शिबिरांना येणाऱ्या तरुण मुलींमध्ये हल्ली एक वाद हमखास रंगतो : टेलर स्विफ्ट मोठी की बियॉन्से? त्यांच्याआधीच्या मुली व्हिटनी ह्यूस्टन आणि मराया कॅरीवरून भांडायच्या, त्याही आधी मॅडोना आणि सिंडी लॉपर. किती अल्बम खपले, किती आठवडे पहिला नंबर, किती ग्रॅमी. पुरुष गायकांचीही तुलना होते, पण एकाला वर यायचं तर दुसऱ्यानं उतरलंच पाहिजे असं तिथं सहसा कुणी धरून चालत नाही. व्हिटनी आणि मराया या तर जणू सवतीच, असं वर्षानुवर्षं छापून आलं. १९९८ साली दोघींनी एका चित्रपटासाठी एकत्र गाणं गायलं, तेव्हाही चर्चा झाली ती दोघींचं पटतं की नाही याचीच.

माझा आक्षेप तुलनेला नाही. काय मोजायचं, याला आहे.

टीएलसी हा अमेरिकेतल्या तीन कृष्णवर्णीय मुलींचा गट. १९९४ मध्ये आलेल्या त्यांच्या 'क्रेझीसेक्सीकूल' या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक प्रती गेल्या. १९९५ च्या जुलैमध्ये त्यांचं 'वॉटरफॉल्स' पहिल्या नंबरावर होतं आणि त्याच महिन्यात तिघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला! पुढच्या वर्षी दोन ग्रॅमी हातात घेऊन त्यांनी पत्रकारांना सांगितलं, आमच्याकडे पैसे नाहीत. एकीचं आजारपण, दुसरीच्या हातून घराला लागलेली आग, हीही कारणं होती. पण मुख्य कारण करारात होतं.

हा करार आपल्याला परका वाटायला नको. ऊसतोडीची उचल आठवा. मुकादम आधी रक्कम देतो आणि मग हंगामभर तोडलेला ऊस त्या उचलीत वळता होत राहतो. रेकॉर्ड कंपनीही गायिकेला आगाऊ पैसे देते. विक्रीतला तिचा वाटा मुळात थोडा. ध्वनिमुद्रणाचा, व्हिडिओचा, दौऱ्याचा बराचसा खर्च त्यातूनच कापला जातो. उचल फिटेपर्यंत हातात काही पडत नाही. उरलेल्यातून मॅनेजर, वकील, कर, आणि मग तिघींत वाटणी. कोयत्याला निदान आपण उचलीखाली आहोत हे माहीत असतं. या मुलींकडे जग 'यशस्वी' म्हणून पाहत होतं.

पैशाच्याही पलीकडचं उदाहरण ब्रिटनी स्पिअर्सचं. २००८ पासून तिचे पैसे आणि दैनंदिन आयुष्य कोर्टाच्या हुकमानं पालकत्वाखाली होतं. त्यात बराच काळ वडिलांचा ताबा. या काळात ती अल्बम काढत होती, २०१३ ते २०१७ लास वेगासमध्ये कार्यक्रम करत होती. गर्दी कमी नव्हती. २०२१ च्या जूनमध्ये तिनं कोर्टात सांगितलं की, मला आणखी मूल हवं आहे, पण तांबी काढून घ्यायला डॉक्टरकडे जाऊ दिलं जात नाही. कुटुंबनियोजनातल्या सक्तीवर आपण किती लिहिलं, बोललो! ती सक्ती इतक्या प्रसिद्ध बाईच्या गर्भाशयापर्यंतही पोचते, हे कुठल्या नंबरांच्या यादीत दिसलं असतं? नोव्हेंबर २०२१ मध्ये ते पालकत्व संपलं.

टेलर स्विफ्टचं मला कौतुक वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. २०१९ मध्ये तिच्या पहिल्या सहा अल्बमची मूळ ध्वनिमुद्रणं तिच्या मनाविरुद्ध दुसऱ्याला विकली गेली. २०२१ पासून तिनं त्यातले चार अल्बम पुन्हा गाऊन काढले आणि २०२५ मध्ये मूळ ध्वनिमुद्रणंही विकत घेतली. पण तिला चळवळीची नेता ठरवायची घाई नको. गाण्यांच्या लेखनाचे हक्क तिच्याकडे होते, पदरी पैसा होता. टीएलसीच्या मुलींकडे यातलं काय होतं?

आपल्याकडे 'लता की आशा' हा वाद घरोघरी झाला. पण साठच्या दशकात लताबाईंनी गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला, त्यावरून रफींबरोबर त्यांचं गाणं काही वर्षं थांबलं, ही गोष्ट त्या वादात कितीदा निघाली? गायकांच्या रॉयल्टीची स्पष्ट तरतूद आपल्या कायद्यात यायला २०१२ उजाडलं.

पुढच्या अंकासाठी म्हणूनच एक काम. तुमच्या भागात ऑर्केस्ट्रात, तमाशात, भीमगीतांच्या कार्यक्रमांत गाणाऱ्या बायकांना भेटा. सुपारी कोण ठरवतं, कुणाच्या हातात पडते, गाण्याचा व्हिडिओ मोबाइलवर लाखांनी पाहिला जातो तेव्हा त्यातलं तिच्या वाट्याला काय येतं, हे विचारा. नावं द्यायची की नाही ते त्या ठरवतील. दोन-तीन पानं पुरेत, हातानं लिहिलेलीही चालतील.