ञला काम मिळालं

मुळाक्षरं घोकताना ञ पाठ करायचा आणि मग जन्मभर त्याच्या वाटेला जायचं नाही, ही आपली रीत. इटालियन हॉटेलात बटाट्याचे ते मऊ गोळे मागवताना मात्र तोच हाताशी लागतो. 'ग्नोची' नाही, 'नोकी'ही नाही. ञॉक्की!

इटालियन बरीचशी लिहिली तशी वाचतात. गोंधळ घालतं ते सी हे अक्षर. पुढे इ किंवा ए आला की त्याचा च होतो, मध्ये एच घुसला की पुन्हा क. म्हणून जेनोव्हाकडचा पाव फोकाच्चा, पण टोमॅटो घातलेला भाजका पाव ब्रुस्केत्ता. 'ब्रुशेटा' ही इंग्रजी वाचनाची करामत. रोमचं मिरी-चीज घातलेलं काचो ए पेपे आणि पुलियातली कानाच्या आकाराची ओरेक्क्येत्ते याच नियमात बसतात. (फ्लोरेन्सची माणसं दोन स्वरांमधल्या क चा चक्क ह करतात, त्यांच्या तोंडी कोका-कोलाची 'होहा-होला' होते. त्यांना माफ.)

खरी मेख द्वित्तात आहे. पेन्नेमधला एक न गिळलात, तर भर टेबलावर पुरुषाच्या अवयवाचं नाव घेऊन बसाल. कच्चा-पक्का म्हणत वाढलेल्या मराठी जिभेला हे सहज जमतं. तरी आपण ही नावं इंग्रजीच्या तोंडून का शिकतो, कळत नाही.

बोलोन्यात 'स्पगेटी बोलोनीज' मागितलीत तर कपाळाला आठ्या पडतील. तिथला खिम्याचा रागू ताल्यातेल्लेवर पडतो. पास्त्याच्या या पट्ट्यांच्या रुंदीबद्दल शहर इतकं हळवं, की 1972 मध्ये तिथल्या व्यापार मंडळाकडे माप रीतसर नोंदवलं गेलं: शिजल्यावर 8 मिलिमीटर, म्हणजे शहरातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. सोन्यात घडवलेला नमुनाही तिथे जपून ठेवलाय. मला हा वेडेपणा मनापासून आवडतो.

सिसिलीत भांडण लिंगाचं. भाताचा तळलेला गोळा पालेर्मोत ती अरान्चीना, कातानियात तो अरान्चीनो. दोन्हीकडे त्या त्या गावाच्या बाजूने बोलावं आणि खावं.

हॉटेलातल्या वेटरला मात्र सुधारायला जाऊ नका, त्याच्या हातातलं कार्डच इंग्रजी आहे. विनंती आहे ती मराठी पुरवण्यांत पाककृती लिहिणाऱ्यांना: अक्षरं आपल्याकडे आहेत, ती वापरा. ब्रुस्केत्तातला क परत आणा आणि 'टाग्लियाटेली'तला ग काढून टाका.