एकांताचा खर्च कोणी द्यायचा?

संभाजीनगरहून वेरूळला जाणारी एसटी दौलताबादच्या किल्ल्याखालून जाते. हंगाम असेल तर रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात. खिडकीतून देवगिरीचा तो कातळ दिसला की आमच्यापैकी कोणी ना कोणी हमखास म्हणतो, ‘इथे एखादी खोली मिळाली आणि महिनाभर कोणी हाक मारली नाही, तर कादंबरी पुरी होईल.’ हे वाक्य आम्ही वीस वर्षे ऐकत आहोत, म्हणतही आहोत. कादंबरी अद्याप कोणाचीच पुरी झालेली नाही.

अलीकडे या स्वप्नाला एक प्रतिष्ठित नाव मिळाले आहे. त्याला रेसिडेन्सी म्हणतात. शहरापासून दूर, शक्यतो खेड्यात, लेखक-कलावंतांना काही आठवडे मोफत राहण्याची सोय करावी आणि त्यांनी तेथे निवांतपणे निर्मिती करावी, अशी ही कल्पना. अमेरिकेत मॅकडॉवेल ही वसाहत १९०७ पासून हे काम करते. तेथे दुपारच्या जेवणाची टोपली कलावंताच्या दाराशी ठेवून माणूस निघून जातो, दार वाजवत नाही. आपल्याकडे २००८ मध्ये सुरू झालेल्या संगम हाउसने बंगळुरूजवळच्या नृत्यग्रामात लेखकांची अशी सोय केली. मग दौलताबाद-खुलताबाद-वेरूळ या पट्ट्यात असे काही का असू नये, हा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्ये निघाला आणि दोन तट पडले. आमचे भांडण दोन्ही तटांशी आहे.

पहिला तट उपहास करणाऱ्यांचा. ‘तुकोबांना कोणी रेसिडेन्सी दिली होती?’ हा त्यांचा हुकमी सवाल. ज्याला लिहायचे आहे तो कोठेही लिहितो, बाकी सगळे श्रीमंतांचे चोचले, असा त्यांचा निर्वाळा असतो. टाळी घेणारे वाक्य आहे, परंतु इतिहासाशी त्याचा संबंध नाही. तुकोबांना एकांत लागत होता आणि तो त्यांनी मिळवलाही होता. भामचंद्र आणि भंडारा हे डोंगर देहूकरांना ठाऊक आहेत. परंपरा असेही सांगते की त्या डोंगरावर भाकरी घेऊन रोज आवली चढत असे. पायात काटा मोडेपर्यंत ती चढली. आपण त्या कथेतला काटा काढणारा विठ्ठल लक्षात ठेवला आणि भाकरी वाहणारी बाई कजाग ठरवली. म्हणजे रेसिडेन्सी होती. ती चालवणाऱ्या बाईला मानधन नव्हते, एवढेच.

देवगिरीचा दाखलाही हेच सांगतो. एकनाथ पैठणहून येथे आले ते जनार्दनस्वामींकडे, आणि जनार्दनस्वामी हे या किल्ल्याचे अधिकारी होते. नाथ त्यांच्याकडे हिशेब ठेवीत. एका पैच्या चुकीसाठी रात्र जागवल्याची कथा आपण शाळेत वाचलेली आहे. पुढे गुरूंनी त्यांना जवळच्या शूलीभंजनच्या डोंगरावर अनुष्ठानासाठी पाठवले, अशी परंपरा आहे. आजच्या भाषेत हा एकांतवास होय. परंतु त्याआधी आश्रय होता, काम होते, दोन वेळचे जेवण होते. आणि त्यानंतर गुरूंची आज्ञा झाली ती डोंगरावरच राहण्याची नव्हे, तर पैठणला परतून संसार करण्याची. एकांत हा मधला मुक्काम होता.

त्याच्याही मागे जा. तेराव्या शतकात याच देवगिरीत, सिंघण यादवाच्या राज्यात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ सिद्ध केला. हा ग्रंथकार पोटापाण्यासाठी दरबारच्या लेखा-खात्यात अधिकारी होता. पुढे ‘चतुर्वर्गचिंतामणि’ रचणारा हेमाद्री हाही त्याच खात्याचा. भारतीय संगीतशास्त्राचा एवढा मोठा ग्रंथ पगारी नोकरी सांभाळून, त्या नोकरीने दिलेल्या स्वास्थ्याच्या बळावर लिहिला गेला. तेव्हा ‘खरा लेखक कशाच्याही आधाराविना लिहितो’ ही समजूत आपण मागल्या दोनशे वर्षांत कधीतरी कोठून तरी उचलली आहे. या मातीतली ती नव्हे.

आता दुसरा तट. हा हळव्या मंडळींचा आहे आणि खरे सांगायचे तर आम्हीही त्यातलेच. यांना वाटते की खेडे म्हणजे शांतता. तेथे एक सुंदर मातीची वास्तू उभारावी, अंगणात कडुनिंब असावा, लेखक आला की गाव गप्प बसावे. या चित्रात गावकरी एक तर स्वयंपाकी असतो, नाही तर ‘विषय’ असतो. दौलताबादच्या पट्ट्यात राहिलेल्या माणसाला हे चित्र पाहून हसू येईल. उन्हाळ्यात टँकरच्या वेळेभोवती सगळा दिवस बांधलेला असतो. पाहुण्या कवीच्या आंघोळीची बादली कोणाच्या तरी रांगेतून येते. गाव गप्प नसते. आपल्याला त्याचे बोलणे ऐकायचे नसते, म्हणून आपण त्याला शांत म्हणतो.

खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा नावाचे गाव आहे. तुघलकाच्या काळात आलेल्या कागज्यांनी हातकागदाची कला येथे रुजवली असे सांगितले जाते. शतकानुशतके हे गाव इतरांच्या लिहिण्यासाठी कागद करत आले. या गावाच्या शेजारी लेखकांसाठी निवास बांधायचा आणि त्या कागद करणाऱ्याच्या मुलीला तेथे फक्त चहाचे कप ठेवायला बोलवायचे, असे होणार असेल तर तो निवास न झालेला बरा.

कलावंताच्या ग्रामीण मुक्कामाचा आपल्या जिल्ह्यातला सर्वांत प्रसिद्ध दाखला अजिंठ्याचा आहे. रॉबर्ट गिल हा मद्रास लष्करातला अधिकारी १८४४ मध्ये लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्याच्या कामगिरीवर नेमला गेला आणि वर्षानुवर्षे तेथे राबला. त्याची बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेली. त्याच्याबरोबर राहिलेल्या पारोची अजिंठा गावात कबर आहे. ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ लिहिले नसते तर मराठी वाचकाला ती कबरही दिसली नसती. गिलचा मुक्काम पगारी होता, सरकारी होता. पारोचा कोणत्या खात्यात जमा होता? खेड्यात येणाऱ्या प्रत्येक कलावंताच्या मुक्कामामागे कोणीतरी पारो, कोणीतरी आवली उभी असते. ‘मोफत’ या शब्दाचा आम्हांला राग येतो तो यासाठी. कोणाला तरी ते मोफत असते, म्हणजे दुसरे कोणी तरी ते भरत असते.

आणि ज्याला ते मोफत आहे असे म्हणतात, त्याला तरी ते खरोखर मोफत असते का?

आमचा एक सहकारी तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. दोन गावांतली दोन महाविद्यालये, मध्ये बसचा प्रवास. तास झाला तर मानधन, न झाला तर नाही, आणि सुट्टीत काहीच नाही. त्याची एक कादंबरी सहा वर्षे चालली आहे. आम्ही तिची पहिली दीडशे पाने वाचली आहेत, आणि ती मराठीत यायलाच हवी असे आमचे प्रामाणिक मत आहे. आमच्याच आग्रहाने त्याने एका निवासी उपक्रमासाठी अर्ज केला. अर्ज इंग्रजीत होता. इंग्रजी विभागातल्या मित्राने त्याचे निवेदन भाषांतरित करून दिले. ‘इंग्रजीत गेल्यावर मी फारच शहाणा वाटू लागलो,’ असे तो म्हणाला. निवड झाली. चार आठवडे, निवास आणि भोजन विनामूल्य. तो गेला नाही. चार आठवड्यांचे तास बुडाले असते, घरी पैसे आले नसते, आणि पुढच्या सत्रात त्याच जागेवर पुन्हा बोलावणे येईल याची हमी कोणी दिली नसती. ज्या जागेला विनामूल्य म्हटले होते तिचे मूल्य त्याच्यापुरते नोकरीएवढे होते. त्याच्या जागी कोण गेले हे आम्हांला ठाऊक नाही. ज्याला जाणे परवडत होते असे कोणी गेले असेल.

व्हर्जिनिया वुल्फचा १९२९ चा निबंध आम्ही वर्गात शिकवतो. मुलींना ‘स्वतःची खोली’ नेमकी आठवते. त्याच दमात तिने सांगितलेले वर्षाचे पाचशे पौंड मात्र कोणाच्या उत्तरपत्रिकेत येत नाहीत. रेसिडेन्सीच्या कल्पनेचीही तीच गत झाली आहे. खोलीची व्यवस्था झाली, पौंड राहिले.

या बाबतीत आपल्या शासनाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० पासून आहे. नवलेखकाचे पहिले पुस्तक छापण्यासाठी अनुदानाची योजना आहे. म्हातारपणी साहित्यिक-कलावंतांना मानधन देण्याचीही योजना आहे. ‘पुस्तकांचे गाव’ २०१७ मध्ये भिलारला झाले आणि पुढे त्या योजनेच्या विस्तारात आमच्या वेरूळची निवड झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. यातल्या कोणत्याही गोष्टीला आम्ही नावे ठेवत नाही. परंतु क्रम पाहावा. लिहून झालेल्या पुस्तकाला पैसा आहे, छापलेल्या पुस्तकाला गाव आहे, लिहून थकलेल्याला मानधन आहे. ते पुस्तक ज्या तीन-चार वर्षांत लिहिले जाते, त्या वर्षांचे काय? आम्हां प्राध्यापकांना पीएच.डी.साठी अध्ययन रजा मागता येते. कादंबरीसाठी रजेचा अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, हे आम्ही आमच्या कार्यालयात विचारले, तेव्हा तेथील गृहस्थ बराच वेळ हसले. त्यांचा दोष नाही. तसा नमुनाच नाही.

मग रेसिडेन्सी नकोच का? हवी. दौलताबादलाच हवी. परंतु ती आमच्या अटींवर हवी, आणि त्यातली पहिली अट या किल्ल्यानेच घालून दिलेली आहे.

महानुभाव परंपरेत नरेंद्र कवीची कथा आहे. त्याचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ रामदेवराव यादवाच्या दरबारात वाचले गेले. राजा इतका प्रसन्न झाला की ओवीमागे एक सोन्याचे नाणे देतो, काव्यावर माझे नाव घाल, असे म्हणाला. नरेंद्राने नकार दिला. असे केले तर कविकुळाला बोल लागेल, असे त्याचे म्हणणे होते. देवगिरीच्या वैभवाची शेकडो वर्णने आहेत. आम्हांला त्या वैभवापेक्षा हा नकार मोठा वाटतो. आजचा आश्रयदाता काव्यावर नाव मागत नाही, हे खरे. तो शेवटच्या दिवशी सादरीकरण मागतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत एक कार्यशाळा मागतो, पुस्तकाच्या आरंभी ऋणनिर्देश मागतो, छायाचित्रे मागतो. प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे क्षुल्लक आहे. एकत्र केल्या तर ती मुद्राच होते. देणाऱ्याने द्यावे आणि बाजूला व्हावे. चार आठवड्यांत लेखकाने एकही पान लिहिले नाही, तरी त्याचा खुलासा मागू नये.

दुसरी अट पैशाची. निवासाबरोबर बुडालेल्या रोजगाराएवढी वृत्ती द्यावी. ती नसेल तर ही योजना सुस्थितांची सहल ठरेल. तिसरी भाषेची. अर्ज मराठीत आणि उर्दूत घ्यावेत, हाताने लिहिलेले घ्यावेत. ज्या खुलताबादेत फारसी कवी अमीर हसन सिजझी आणि आझाद बिलग्रामी यांच्या कबरी आहेत, तेथे इंग्रजी ही प्रवेशपरीक्षा असू नये. चौथी वेळेची. शिक्षकाला दिवाळीची सुट्टी सोयीची, शेतकऱ्याला उन्हाळा. लहान मूल असलेल्या बाईला मुलासह येता आले पाहिजे. नाही तर आवलीने लिहायचे म्हटले तर तिला डोंगर बंदच राहणार. पाचवी गावाची. नवी वास्तू बांधू नये. गावातल्याच घरांत खोल्या भाड्याने घ्याव्यात, जेवणाचे पैसे त्या घराला मिळावेत, आणि दरवर्षी एक जागा याच पट्ट्यातल्या लिहिणाऱ्यासाठी राखावी.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी हेग्गोडूकडे पाहावे. शिमोगा जिल्ह्यातल्या त्या खेड्यात १९४९ मध्ये नीनासम् सुरू झाले. के. व्ही. सुब्बण्णांनी तेथे नाट्यशाळा काढली, संस्कृती-शिबिरे भरवली आणि जगाचे नाटक-सिनेमे सुपारीच्या बागाइतदारांना दाखवले. १९९१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हेग्गोडूला कलावंत येतात ते गावाच्या शांततेसाठी नव्हे. गावच तेथे प्रेक्षक आहे, नट आहे, यजमान आहे.

आमच्या स्टाफरूममधला वाद अजून मिटलेला नाही. उपहास करणारे म्हणतात, आधी पुस्तक लिहून दाखवा, मग मागा. पुस्तक लिहून झाल्यावर आम्हांला काय मिळते ते वर सांगितलेच आहे. त्याची तक्रार नाही. आमची मागणी त्याआधीच्या दिवसांची आहे. आमच्या त्या सहकाऱ्याच्या कादंबरीची दीडशे पाने झाली आहेत आणि तेवढीच राहिली आहेत. या आठवड्यात त्याचे अठरा तास आहेत.