‘मुलीच्या हृदयात दोष आहे’ म्हणे!

लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलीचा रंग, उंची, पत्रिका सगळ्याची चौकशी होते, हे आपण सगळ्याजणी पाहत आलोय. पण शाळेच्या तपासणीत किंवा तापासाठी दाखवायला नेल्यावर डॉक्टर म्हणाले, “हिच्या हृदयात आवाज येतोय, एकदा इको करून घ्या,” की घरात वेगळीच कुजबुज सुरू होते. “कुणाला बोलू नका हं, स्थळं यायची नाहीत!” आणि डॉक्टरांची चिठ्ठी ट्रंकेच्या तळाशी जाऊन बसते. मैत्रिणींनो, आज त्या चिठ्ठीबद्दलच बोलायचं आहे.

मुळात हा आवाज कसला? आपल्या हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जावं, मागे येऊ नये म्हणून त्या दिवसातून सुमारे एक लाख वेळा उघडतात नि मिटतात. छातीतली ‘लब-डब’ म्हणजे या झडपा मिटण्याचा आवाज. त्यात आणखी एखादा सूं-सूं आवाज आला तर डॉक्टर त्याला मर्मर म्हणतात. लहान मुलांत असा आवाज पुष्कळदा निरुपद्रवी असतो. पण तो निरुपद्रवी आहे हे तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगायचं, आपण घरी ठरवायचं नाही.

झडपांना फुलासारख्या पाकळ्या असतात. पुस्तकातल्या चित्रात तीन झडपांना तीन-तीन आणि एकीला दोन. पण आपल्या चंदगडात एका झाडावरच्या दोन काजूबिया तरी सारख्या असतात का? तसंच हे. त्रिदली म्हणतात त्या झडपेलाही अनेकांत चार पाकळ्या असतात, असं अलीकडे इकोवरून दिसून आलंय. आणि शंभरात एक-दोन माणसांत महाधमनीच्या झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात. हे बायकांपेक्षा पुरुषांत जास्त आढळतं, बरं का! म्हणजे बघायला आलेल्या नवऱ्या मुलाच्या छातीतही अशी झडप असू शकते. त्याची चौकशी कोण करतं?

अशी झडप असलेले कित्येकजण वर्षानुवर्षं शेतात राबतात, त्यांना पत्ताही नसतो. मात्र या झडपेवर ताण जास्त पडतो. उतारवयात, कधी त्याआधीही, ती कडक होते किंवा गळू लागते. शिवाय हे घराण्यात चालू शकतं. म्हणून एकाला आढळलं तर आईवडील, भावंडं, मुलं यांनीही एकदा इको करून घ्यावा, असं डॉक्टर सांगतात.

आता दुसरी गोष्ट. ही जन्माची नाही, टाळता येण्यासारखी आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा घसा धरतो, ताप येतो. आपण हळद-मिठाच्या गुळण्या देतो. द्याव्यात, पण डॉक्टरांनाही दाखवावं आणि गोळ्यांचा कोर्स पुरा करावा. काही जंतूंनी घसा बिघडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक ताप येऊ शकतो. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपेवर व्रण राहतात. पुढे मिट्रल झडपेच्या कडा चिकटतात. चार ते सहा चौरस सेंटिमीटरचं तोंड आकसत दीडच्याही खाली जातं. डॉक्टर त्याला माशाच्या तोंडाची उपमा देतात. आणि हे दुखणं बायकांत जास्त दिसतं!

खरा प्रश्न येतो बाळंतपणात. गरोदरपणी अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. अरुंद झडपेतून ते जाणार कसं? बाई धापा टाकते, रात्री उशाशी दोन उशा घेते, आणि घरचे म्हणतात, “दिवस गेलेत, एवढं चालायचंच!” लग्नाआधी लपवलेली चिठ्ठी इथे जीवावर उठते. तीच वेळेवर दाखवली असती तर? १९८२ मध्ये जपानच्या डॉ. कांजी इनोऊए यांनी छाती न उघडता, फुग्याने ही झडप रुंद करण्याची पद्धत प्रथम वापरली. आज ती आपल्याकडेही होते. झडप बदलायची वेळ आली, तरी १९९० पासून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली भारतीय झडप वापरात आहे. मात्र धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात आणि गरोदरपणी त्यांची फार काळजी घ्यावी लागते. म्हणून मूल हवं आहे हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. लपवून कसं चालेल?

इकोसाठी गडहिंग्लज, बेळगाव नाहीतर कोल्हापूर गाठायचं, म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी जाते, हे खरं. पण २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीपासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते, त्यात हृदयविकारही येतात. शस्त्रक्रियेसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. अंगणवाडीताई, आशाताईंना विचारा.

आणि संकोच? १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरांना एका तरुण बाईच्या छातीला कान लावायला अवघड वाटलं, म्हणून त्यांनी कागदाची नळी करून ऐकलं. त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. आपला संकोच डॉक्टरांनी दोनशे वर्षांपूर्वीच सोडवलाय, आपण कधी सोडवणार?

बायांनो, झडपेचा आकार मुलीने निवडलेला नसतो. तो तिचा दोष नाही नि घराण्याचा कलंकही नाही. ट्रंकेतली चिठ्ठी बाहेर काढा, तारीख बघा आणि या आठवड्यात तिला दाखवून आणा. ‘हे सांगितलं तर नको’ म्हणणारं स्थळ गेलं तर जाऊ दे. जीव राहिला पाहिजे!